चिखलाकडे पाहणाऱ्या सहा जणी

जिल्हा फुटला तेव्हा माझी आत्या जागची न हलता परजिल्ह्यात गेली. तिचं सासर आमच्या लाखनीपासून काही फार लांब नाही, पण नकाशावरची रेघ तिच्या गावाच्या अलीकडून गेली. ती गोंदियाची झाली आणि आम्ही भंडाऱ्याचेच राहिलो. याचा तिला राग होता. सरकारचा नव्हे, आमचा. "माहं माहेर तोडलं ना तुम्ही," असं ती येता-जाता ऐकवायची. त्या रेघेला मात्र तिनं कधी जुमानलं नाही. प्रत्येक सणाला कापडी पिशवी घेऊन ती दारात हजर असायची.

त्या वर्षी धान चुरून, म्हणजे मळणी होऊन, झाल्यावर ती सण नसतानाच आली. चहा प्यायच्या आधीच म्हणाली, "बाबू, मले टेकडीवरच्या बगीच्यात घेऊन चाल."

मी पंचायत समितीत कारकून. आठवडाभर लोकांचं ऐकून घेतो, म्हणून रविवारी कोणाचं ऐकत नाही. म्हटलं, "झाडंच पाहायची असतील तर तुझ्या गावाला लागून नागझिऱ्याचं जंगल आहे आत्या. त्याच्यासाठी माझा रविवार कायले खाते?"

"झाडं नाही पाहाची मले," ती म्हणाली. "मायले पाहाची आहे."

आता यातली माय म्हणजे माझी आजी. माझे वडील जन्मले त्याच बाळंतपणात ती गेली. आत्या तेव्हा एवढीशी होती. नंतर आजोबांनी दोन्ही लेकरं घेऊन टेकडीखालचं ते गाव सोडलं आणि मँगनीजच्या खाणीवर कामाला लागले. आमच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, तिच्या बाजूला आजोबांचा खाणीतल्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला फोटो. आजीचा फोटो नाही, कारण तिचा फोटो कधी कोणी काढलाच नाही. आत्याला आई म्हणून एक ओला पदर आठवायचा. त्या पदराच्या वरचं काही आठवत नसे, आणि हे ती म्हातारी झाल्यावरही तेवढ्याच तक्रारीनं सांगायची.

झालं असं होतं की आसगावला एका लग्नात तिला एक फार म्हातारी बाई भेटली. लेकीकडे राहायला आलेली ती बाई मूळची टेकडीखालच्या गावची निघाली. तिनं आत्याचं सगळं कूळ विचारून घेतलं आणि म्हणाली, "तुही माय तर टेकडीवर उभी आहे वं. मालगुजारानं आम्हा सहा जणीले सिमेंटात बनवलं. मी आहे, तुही माय आहे." मालगुजार म्हणजे आमच्याकडचा जुना जमीनदार; टेकडीवरचा बगीचा त्यानंच केला होता. आत्याला लग्नातलं जेवण गेलं नाही म्हणे. बगीचा कितीतरी वर्षं बंद होता, आत नुसतं रान माजलं होतं. आता दुरुस्ती होऊन तो उघडला आहे आणि साकोलीचे लोक सहलीला जातात, हे कळल्यावर ती थेट माझ्याकडे आली. माझा या गोष्टीवर विश्वास बसला नव्हता. पण सत्तरीला टेकलेल्या बाईला तुझी आई तिथे नसेल असं तोंडावर कसं सांगायचं? गेलो.

हायवेनं एसटी, पुढे काळीपिवळी जीप. जीपमध्ये आत्यानं शेजारच्या बाईला, मग ड्रायव्हरला, मग मागे लटकलेल्या दोघांना सांगितलं की आम्ही तिच्या आईला पाहायला चाललो आहोत. "आजारी आहे का?" ड्रायव्हरनं विचारलं. "नाही," आत्या म्हणाली, "चांगली आहे." मी बाहेर बघत बसलो.

बगीच्याबद्दल माझी अपेक्षा काही मोठी नव्हती. तालुक्याच्या ठिकाणी बगीचा म्हणजे दोन घसरगुंड्या, एक बंद कारंजं आणि "फुले तोडू नये" ही पाटी. फाटकातून आत गेलो आणि दहा-बारा पायऱ्या चढून वळलो तेव्हा मी तिथेच थांबलो. अख्खी टेकडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत बांधीबांधीनं कोरली होती. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं खाचर. वर माथ्यावर पाणी साठवायला एक बोडी, आणि तिथून पाणी एका बांधीच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, तोंड पाडून खालच्या बांधीत, तिथून तिच्याखालच्या बांधीत, असं थेट फाटकापर्यंत उतरत होतं. मालगुजारानं म्हणे नकाशा कुठल्याशा गोऱ्या साहेबाकडून आणला होता. खोदणारी माणसं मात्र इथली, धान करणारी. त्यांनी तो नकाशा ऐकून घेतला असेल आणि आपल्याला येतं तेच केलं असेल. साहेबाचं मला माहीत नाही, पण याहून देखणं काही त्याच्याही मनात नसणार.

आणि या बांध्यांमध्ये धानाच्या जागी सगळ्या दुनियेची झाडं! एक गोरखचिंच होती, तिच्या बुंध्याला आमच्या घरचे सगळे हात धरून उभे राहिले तरी पुरले नसते. कैलासपतीला खोडालाच फुलं लगडली होती आणि खाली सड्यासारखी पडली होती. त्यातलं एक आत्यानं उचलून हुंगलं आणि सरळ पिशवीत टाकलं. पाट्यांवरून कळत होतं की एक झाड आफ्रिकेचं, एक ब्राझीलचं, एक कुठल्यातरी बेटावरचं. एका झाडाला दुधीभोपळ्याएवढी फळं लांब दोऱ्यांना लोंबत होती. आत्यानं त्यांच्याखालून जाताना डोक्यावर पदर घेतला. पडलंच तर पदर काय करणार होता कोण जाणे. एका हौदात कमळाची पानं होती, काठ वर वळलेली, आमच्या भंडाऱ्याच्या मोठ्या पितळी पराती पाण्यावर ठेवल्यासारखी. मी खाली बसून एका पानाच्या काठाला बोट लावून पाहिलं. माझ्या वयाच्या माणसानं असं करावं का, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.

निवडुंगाची बांधी पाहून मात्र मी खो-खो हसलो. वाळवंटातले निवडुंग आणले, रेती टाकली, सगळं नीट केलं. मग आमच्या माणसांनी सवयीनं चारी बाजूंनी मजबूत धुरा घातला आणि पाणी अडवलं. पाणी न धरणारी बांधी ही कल्पनाच आमच्याकडे कोणाला पटत नाही. पाटीवर अगदी सभ्य भाषेत लिहिलं होतं की पहिली सगळी लागवड कुजून गेली. मागाहून धुरा फोडून नवीन निवडुंग लावले, ते मात्र आता माणसाच्या उंचीचे झाले आहेत. फोडलेल्या धुऱ्याची खूण अजून दिसते. आत्याला हे वाचून दाखवलं तर तिला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. "लावलं तर पाणी नाही द्याचं का?" ती म्हणाली.

झाडांच्या मधूनमधून मूर्ती. सगळ्या एकाच माणसाच्या हातच्या, आणि तो माणूस नाटकाचे पडदे रंगवणारा. आमच्या झाडीपट्टीत हिवाळाभर गावोगावी नाटकं रंगतात. त्यांचे महाल, जंगल, राजदरबार रंगवणाऱ्या या पेंटरला मालगुजारानं उचलून आणलं आणि हातात सिमेंट दिलं. मग काय! त्यानं सिंह केला, परी केली, छत्रीवाली मडम केली. जिराफ त्यानं उभ्या आयुष्यात पाहिला नसावा. ऐकीव माहितीवर केलेल्या त्या जिराफाची मान ताडासारखी उंच होती, पण खाली खूर आणि वशिंड अस्सल बैलाचं. मडमेच्या झग्याला त्यानं निऱ्या घातल्या होत्या. भिंतींवर फुटक्या चिनी बशांचे तुकडे बसवून मोर नाचवले होते, आणि उन्हात ते मोर असे चमकत होते की बघत राहावं. मी शहरांतली दोन-तीन संग्रहालयं पाहिली आहेत. तिथे माझे पाय दुखतात. इथे चढण होती तरी दुखले नाहीत. कोणाचं तरी मन इतकं भरभरून एका टेकडीवर सांडलेलं मी याआधी पाहिलं नव्हतं.

मधेच रागही येत होता, तो सांगतो. हे सगळं खोदलं, वाहिलं, शिंपलं ते आमच्यासारख्यांच्या आजोबा-पणजोबांनी. आणि मालगुजाराकडे पाहुणे आले की याच माणसांना मागच्या वाटेनं खाली उतरवून देत. बगीचा पाहायला म्हणून आमच्या घरातलं कोणी इथे आलं असेल तर ते आजच, मी आणि आत्या. पण रागावून उभा राहिलो की पुढच्या वळणावर काहीतरी असं दिसे की राग विसरायला होई.

आत्याचं लक्ष मात्र एकीकडेच होतं. प्रत्येक मूर्तीपाशी ती थांबायची, वर बघायची, "हे नाही," म्हणायची आणि पुढे चालू लागायची. मडमेपाशीसुद्धा "हे नाही" म्हणाली. मी म्हटलं, "आत्या, ही तर गोरी आहे." ती म्हणाली, "सिमेंट आहे गा, त्याचं काय सांगता येते."

सहा जणी वरून दुसऱ्या बांधीत सापडल्या. खरोखरच होत्या. माझा विश्वास नव्हता म्हणून मी त्या दोनदा मोजल्या. बांधीत पोटरीभर चिखलपाणी, आणि त्यात ओळीनं सहा बाया रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करत होत्या. कमरेत वाकलेल्या, लुगडी वर खोचलेली, एका हातात परे म्हणजे धानाच्या रोपांची पेंडी, दुसरा हात पाण्यात. रंग उडाला होता, एकीच्या पाठीवर शेवाळ चढलं होतं. पण जिराफ करणारा माणूस हाच का, असं वाटावं इतकं सगळं खरं होतं. गुडघे कसे किंचित वाकतात, मागे सरताना टाच कशी उचलते, ते त्यानं बरोबर पकडलं होतं. रोवणा त्यानं जन्मभर पाहिला होता ना.

आत्या धुऱ्यावर उभी राहून पाहत राहिली. मग माझ्याकडे वळली. "बाबू, तोंड कोठी आहे?"

तोंड दिसत नव्हतं. बगीच्यातल्या बाकी सगळ्या मूर्ती वाटेकडे तोंड करून हसत होत्या, आणि या सहा जणी चिखलाकडे पाहत होत्या. रोवणाऱ्या बाईचं तोंड खालीच असतं. वाटेवरून दिसायच्या त्या नुसत्या पाठी. आमच्या आधी आलेली कॉलेजची पोरं त्यांच्या मागे वाकून फोटो काढत होती आणि हसत होती. आत्यानं त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ती आपोआप पुढे सरकली.

मग तिनं चपला काढल्या, लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि मी हात धरायच्या आत बांधीत उतरली.

लगेच शिट्टी वाजली. चौकीदार वरून ओरडत आला. "ओ आजी! अंदर जाना मना आहे! बाहेर निघा!"

"माय आहे माही!" आत्या मागे न बघता ओरडली.

चौकीदारानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खरं आहे." त्यानं शिट्टी खिशात घातली आणि धुऱ्यावर बसला. मीही बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आत्याच्या मागे गेलो. पाणी थंडगार होतं.

आत्या पहिल्या बाईच्या समोर गेली आणि तशीच कमरेत वाकली, पार तोंड पाण्याला लागेपर्यंत. मग मान वळवून वर पाहिलं. मीही वाकलो. आत, सावलीत, चेहरा होता. मोठे डोळे, कमानदार भुवया, चाफेकळी नाक, नाकात नथ. आत्या दुसरीपाशी गेली. तेच डोळे, तीच नथ. तिसरी तशीच, चौथी तशीच. सहाही जणींना पेंटरनं आपल्या पडद्यावरच्या राणीचं तोंड लावून दिलं होतं. कोणी बघणारच नाही, तर कशाला मेहनत घ्या, असा विचार केला असेल. किंवा त्याला बाईचा तेवढा एकच चेहरा काढता येत असेल.

"रोवण्यात नथ कोण घालते?" आत्या म्हणाली, आणि रडायला लागली. ती धुऱ्यावर जाऊन बसली, पाय पाण्यात सोडून. मला त्या पेंटरचा भयंकर राग आला. माणूस जन्मभर एक चेहरा शोधत इथवर येतो आणि तू त्याला नाटकातली राणी दाखवतोस? मी डबा उघडून पोळी पुढे केली, तिनं ती बाजूला सारली.

बराच वेळ ती त्या ओळीकडे पाहत बसली होती. मग म्हणाली, "ते पाहा. ते धुऱ्याकडची उलटी काहून आहे?"

मी पाहिलं. पाच जणींच्या डाव्या हातात पेंडी होती आणि उजवा हात पाण्यात. धुऱ्याला लागून असलेल्या शेवटच्या बाईची पेंडी उजव्या हातात होती. ती डाव्या हातानं रोवत होती.

आत्या स्वतः डावखुरी. तिच्या विळ्याचे दाते लोहाराकडून मुद्दाम उलटे पाडून घ्यावे लागत. ओळीत रोवायला तिला नेहमी धुऱ्याच्या कडेला उभी करत, नाहीतर शेजारणीच्या कोपराला कोपर लागतो. माझे वडीलही डाव्या हातानं लिहायचे. हे दोघांनी कोणाकडून घेतलं, असं आमच्या घरात कधी कोणाच्या मनात आलं नव्हतं.

ती पुन्हा उतरली. या वेळी चेहऱ्याकडे गेलीच नाही. त्या बाईच्या शेजारी, तिच्याच दिशेला तोंड करून वाकली आणि आपला डावा हात पाण्यात घालून चाचपत राहिली. "हात खरा आहे," ती म्हणाली. "असाच धरते परा. मी असाच धरतो. अंगठा असा, बोटं अशी. ये, पाहा." मी हात घातला. चिखलात सिमेंटची बोटं लागली, आवळलेली, आणि त्यांच्यावर आत्याची बोटं, तशीच आवळलेली. नथीच्या मागे लागून आम्ही उगाच रडत होतो असं मला वाटलं. पेंटरनं तोंड कुठूनही आणलेलं असो, हात त्यानं बघून केला होता.

आत्याचा हात मग मनगटावरून दंडावर गेला, दंडावरून काखेत, तिथून खाली पोटाशी. तिथे तो थांबला. ती हलेचना. मी विचारलं, "काय झालं?" तिनं माझा हात धरून तिथे ठेवला. लुगड्याच्या खाली गच्च, गोल पोट होतं. बाकीच्या पाच जणींची पोटं मी नंतर वाकून पाहिली, सपाट होती. वाटेवरून हे कधीच कोणाला दिसलं नसतं.

"हा तुहा बाप," आत्या म्हणाली, आणि एकदम हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडानं हसणं. "पाहा गा, दोघंही आहेत इथी." धुऱ्यावरच्या चौकीदारानं काय झालं म्हणून विचारलं. मी हातानंच थांबा म्हटलं. माझे वडील जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते, आणि मी त्यांच्या जन्माच्या आधी त्यांच्यावर हात ठेवून उभा होतो. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. असा माझा हात किती वेळ तिथे होता ते माहीत नाही, चौकीदारानंही घाई केली नाही.

उतरताना पुन्हा ती सगळी झाडं लागली. हौदातली ती पानं, चमकणारे मोर, बैलाचा जिराफ. सगळं सकाळपेक्षाही सुंदर दिसत होतं, आणि त्या अनोळखी पेंटरला मी मनातल्या मनात सगळं माफ करून टाकलं. आत्या मात्र हळूहळू उतरत होती. मला वाटलं दमली असेल. फाटकाशी नळ होता, तिथे ती पाय धुवायला थांबली. पोटऱ्यांवरचा चिखल वाळला होता, तो निघता निघेना.

"लहान होती गा माय," ती पाय चोळत म्हणाली. "दंड पाहिला ना तिचा? माह्या नातीएवढी पोरगी आहे ते."

"हो," मी म्हटलं.

तिनं दुसरा पाय नळाखाली धरला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मी तवा घरातली मोठी बाई राहिली असती ना बाबू, तर भरल्या महिन्यात तिले चिखलात उतरूच देलं नसतं."